पाणी ओसरल्यावरची चौपाटी

गिरगाव चौपाटीला मुंबईकर दोन कामांसाठी येतो: भेळ खायला आणि गणपती पोचवायला. टिळकांच्या पुतळ्यापुढे मान लववणारेही असतात. १९२० साली लोकमान्यांना इथेच अग्नी दिला गेला. पण या वाळूत कुणी कायमचं राहत असेल, हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. ‘मुंबईच्या समुद्रात उरलंय काय?’ हा प्रश्न तर उत्तर गृहीत धरूनच विचारला जातो.

२०१३च्या गणेशोत्सवात उत्तर पायाखालून आलं. विसर्जनासाठी पाण्यात शिरलेल्या पन्नासहून अधिक लोकांना पाकटांचा काटा लागला. पाकट हा चपटा मासा. अंगावर वाळू ओढून उथळ पाण्यात पडून राहतो. त्याचं कुणाशी वैर नाही. पाठीवर पाय पडला की शेपूट उसळतं आणि शेपटावरचा काटा घुसतो, एवढंच. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत नेला, तर त्याला आधीच चाहूल लागते आणि तो निघून जातो. काटा लागलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवावा आणि दवाखाना गाठावा. त्या विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात. कोळ्यांना पाकट नवा नव्हता. नवा होता तो आपल्याला, आणि तोही शेकडो वर्षांच्या शेजारानंतर.

हा शेजार ओळखीचा व्हावा म्हणून २०१७ मध्ये काही नागरिकांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. ओहोटीला जमायचं, जाणत्या माणसामागून वाळूवर किंवा खडकांवर हळूहळू चालायचं, दिसेल त्याचा फोटो काढायचा आणि आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर नोंदवायचा. त्यासाठी जीवशास्त्राची पदवी लागत नाही. वाकून बघायची तयारी मात्र लागते.

वाकल्यावर काय काय सापडतं! भोकाभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी दिसली, तर ती इवल्या खेकड्यांची. वाळू तोंडात घालून ते तिच्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेली गोळी करून टाकतात. शर्टाची फाटकी कॉलर पडावी तसं काहीतरी दिसतं आणि कचरा समजून आपण ते लाथेने उडवतो. ती एका गोगलगाईची अंडी असतात, वाळू आणि चिकट द्रव मिसळून बांधलेली. इथून थोडं उत्तरेला, हाजी अलीच्या खडकांवर, समुद्रफुलं आहेत, त्यांच्या नात्यातल्या झोअँथिडचे गालिचे आहेत आणि चक्क प्रवाळही. मुंबईत प्रवाळ म्हटलं की लोक हसायचे. कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळवसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली. या प्रवाळांना कायद्याने वाघाच्याच पंगतीत, पहिल्या परिशिष्टात बसवलंय. त्याच रस्त्याचे जुळे बोगदे आता चौपाटीच्या बाजूने मलबार हिलखाली शिरतात.

चौपाटीलगतचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१चं. मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी मासे पाहिले ते तिथल्या काचेआडून. कोविडच्या काळात ते बंद झालं. समोरचा किनारा मात्र रोज दोनदा उघडतो. कधी, ते कोकणात तोंडी हिशेबाने काढतात: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अनंत चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा. त्यानंतर सहा तासांनी, साडेचारच्या सुमारास, ओहोटी. मोठ्या मूर्ती भरतीसाठी का खोळंबतात, याचं उत्तर या गणितात आहे. (पावसाळ्यात बातम्यांमध्ये ‘साडेचार मीटरच्या लाटा’ येतात, ती लाटांची उंची नसते, भरतीची पातळी असते. हे सांगून सांगून जाणकार थकले.)

जाताना पायात जाड तळाचे बूट हवेत. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हातात घेऊ नये, त्यातल्या गोगलगाईला विषारी दंश असतो. दगड उलटला, तर होता तसाच परत ठेवावा. त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात. आणि चर्नी रोडला उतरण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघावं. पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया चांगली: भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. रविवारी आली तर उत्तमच, भेळवाले तेव्हा यायचे असतात.