चित्रातली हवा वजा करताना

विमानातून घेतलेल्या शेताच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. तो पिकाचा आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यात तिघांचा वाटा असतो : सूर्याचा, हवेचा आणि पिकाचा. पहिल्या दोघांचा हिशेब चुकला तर चांगले पीकही आजारी ठरते.

सूर्याचा हिशेब सोपा आहे. सूर्य माथ्यावरून जितका कलेल त्या कोनाच्या कोसाइनप्रमाणे सपाट जमिनीवरचा प्रकाश घटतो. ३० अंशांना हे मूल्य ०.८७, तर ६० अंशांना ०.५०. शिवाय जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असल्याने जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के अधिक ऊर्जा मिळते. हे सारे गुणाकाराचे काम. भागले की झाले.

हवा मात्र दुहेरी खोडी काढते. येता-जाता ती थोडा प्रकाश गाळते, हा गुणाकार. पण जमिनीला न शिवलेला, स्वतःच विखुरलेला प्रकाशही ती कॅमेऱ्यात घालते, ही बेरीज! दूरचे डोंगर निळसर दिसतात ते या बेरजेमुळे.

तिचा परिणाम विद्यार्थ्यांकडून फळ्यावर काढून घ्यावा. पिकाचा जोम पाहण्यासाठी अवरक्त आणि लाल प्रकाशाच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागतात. समजा, निरोगी पीक ४५ टक्के अवरक्त आणि ५ टक्के लाल प्रकाश परावर्तित करते. उत्तर ०.८०. दोन्ही आकडे निम्मे केले तरी उत्तर तेच. आता धुरकट हवेने अवरक्तात १ आणि लालमध्ये ३ मिळवले असे माना : ४६ आणि ८, उत्तर ०.७०. पिकाला काहीही झालेले नाही.

यावर जुना आणि मला अजूनही आवडणारा उपाय म्हणजे शेतात दोन मोठी कापडे अंथरणे, एक काळे, एक पांढरे. त्यांचे परावर्तन जमिनीवरच मोजून घेतात. समजा ते ४ आणि ५० टक्के आहे, आणि चित्रात त्यांचे आकडे ९०० व ५५०० आले. दोन बिंदूंतून रेषा काढा : परावर्तन = ०.०१ × आकडा − ५. म्हणजे काहीच परावर्तित न करणाऱ्या जागेलाही ५०० हा आकडा मिळाला असता. तो निव्वळ हवेचा. अज्ञात राशी दोन, म्हणून कापडेही किमान दोन, आणि प्रत्येक तरंगलांबीसाठी रेषा वेगळी. (एकदा आमच्या पांढऱ्या कापडावरून म्हशी गेल्या. ते धुऊन वाळेपर्यंत विमान परतले होते.)

डोंगराळ किंवा विस्तीर्ण प्रदेशात, जिथे हवा जागोजागी बदलते, तिथे दोन कापडे पुरत नाहीत. २०१५-१६ मध्ये इस्रो आणि नासा यांनी भारतावर उडवलेल्या ‘एव्हिरिस-एनजी’ उपकरणासारखी साधने वर्णपटाचे सुमारे ५ नॅनोमीटरचे बारीक पट्टे टिपतात. ९४० नॅनोमीटरजवळ पाण्याची वाफ प्रकाश शोषते. तिथला खड्डा जितका खोल, तितकी हवेत वाफ अधिक. त्यावरून ठिपक्यागणिक वाफ काढून तिचा परिणाम गणिताने दूर करतात. पण १४०० आणि १९०० नॅनोमीटरच्या आसपास वाफ जवळजवळ सारा प्रकाश गिळते. तिथे दुरुस्त करायला काही उरतच नाही. ते पट्टे आम्ही सरळ टाकून देतो.