बांगडी आणि चौकट : गोलाईचं गणित



चौरस आणि वर्तुळ आपण पहिलीपासून शिकवतो. एकाच्या कडा सरळ, दुसऱ्याची वळलेली. एवढ्याशा फरकावर विसाव्या शतकात मोठं गणित उभं राहिलं. वर्गात करून पाहता येईल असं आहे ते.

कागदावर एक लांब, बारीक रंगीत पट्टी काढा. जवळचा कोणताही बिंदू केंद्र धरून लहानमोठे चौरस काढा, बाजू पट्टीला समांतर. कोणत्या चौरसाच्या कडेचा सर्वांत जास्त हिस्सा रंगात येतो? एक बाजू पट्टीत बरोबर बसली की पाव हिस्सा! पट्टी केसाएवढी करा, तरी पावच. रंग जवळजवळ संपला, पण उत्तर हलेना. रंगाबरोबर उत्तरंही आटोक्यात राहिली, तरच गणितात त्या क्रियेला 'परिबद्ध' म्हणतात. चौकट इथे नापास.

आता बांगड्या घ्या. बांगडी पट्टीला टेकते आणि लगेच वळून बाहेर पडते. पट्टी शंभरपट बारीक केली, तर रंगातला हिस्सा साधारण दहापट घटतो. (मुलांना आधी अंदाज करू द्या, शंभरपट म्हणणारे निघतीलच.)

अर्थात एका पट्टीवरून सिद्धता होत नाही, रंग कसाही पसरलेला असू शकतो. त्रिमितीतल्या गोलांसाठी इलायस स्टाइन यांनी ती १९७६ मध्ये दिली. कागदावरचं साधं वर्तुळ जास्त अवघड निघालं, ते १९८६ मध्ये जाँ बूर्गेन यांनी सोडवलं. उलटं वाटतं ना? पण चेंडू दोन दिशांनी वळतो, बांगडी एकाच.