भाद्रपद-आश्विनातील कोकण किनारा : उघडीप म्हणजे पावसाचा निरोप नव्हे

भाद्रपद उतरणीस लागला की कोकणच्या किनाऱ्यावर आभाळ निवळू लागते. चार दिवस लख्ख ऊन पडते, हळवे भात पिवळे होते, बंदरातील होड्या दूरच्या पाण्याकडे वळतात. वर्षभराचे धान्य व वर्षभराची मासळी पदरात पाडून घेण्याचा हा काळ होय. परंतु याच काळात हवा व समुद्र माणसाला सर्वाधिक फसवितात. म्हणून डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या शेतकरी व मच्छीमार बांधवांनी या दिवसांतील हवामानाची रीत नीट समजून घेतली पाहिजे.

परतीच्या पावसाची रीत

नैऋत्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून माघार घेऊ लागतो. मुंबईतून त्याच्या माघारीची सरासरी तारीख पूर्वी २९ सप्टेंबर धरीत असत. हवामान खात्याने २०२० साली नव्या नोंदींच्या आधारे ती ८ ऑक्टोबर अशी ठरविली. याचा अर्थ उत्तरा नक्षत्रातील उघडीप ही बहुधा केवळ विश्रांती असते आणि हस्ताचा पाऊस अजून यावयाचा असतो.

जून-जुलैतील पाऊस समुद्रावरून येतो व संततधार पडतो. परतीचा पाऊस निराळा. सकाळी कडक ऊन पडते, ओल्या जमिनीतून वाफ उठते, दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर ढग चढतात आणि सायंकाळी गडगडाटासह किनाऱ्याकडे उतरतात. अशा वेळी विजेचा धोका मोठा असतो. गडगडाट ऐकू येताच शेतातील काम थांबवावे, झाडाखाली उभे राहू नये व पक्क्या घराचा आसरा घ्यावा.

ऋतू खरोखर पालटत आहे याची एक खूण वाऱ्यात सापडते. ऐन पावसाळ्यात वारा दिवसरात्र पश्चिमेचा असतो. पहाटे जमिनीकडून मतलई वारा आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा असा रोजचा क्रम बसू लागला की मोसमी प्रवाहाचा जोर ओसरला असे समजावे. मात्र ही खूण समुद्रातील वादळाची हमी देत नाही.

उधाण आणि खारभूमीचे बांध

२२-२३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस व रात्र समान होतात. त्या आगेमागे येणारी अमावास्या-पौर्णिमेची उधाणे एरवीपेक्षा मोठी असतात. पितृपक्षाच्या दोन्ही टोकांना येणारी उधाणे म्हणूनच खारभूमीच्या शेतकऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी. उधाणाचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. मुंबईच्या आसपास तिथीची पाऊणपट केली असता भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा जुना हिशेब आजही उपयोगी आहे. अष्टमीस सुमारे सहा वाजता, तर पौर्णिमेस सव्वाअकराच्या पुढे पूर्ण भरती येते.

श्रावणात बांधाला खांड पडून खारे पाणी शेतात शिरले, तर पुढील पाऊस ते बऱ्याच अंशी धुऊन काढतो. आश्विनात शिरलेले खारे पाणी धुण्यास पाऊस उरत नाही. क्षार पुढील जूनपर्यंत जमिनीतच राहतात. शिवाय भात फुलोऱ्यात असताना खारेपणा मुळीच सोसत नाही. यास्तव भांगेच्या दिवसांत, पाण्याचा जोर कमी असताना, बांधावरून फिरून खेकड्यांची बिळे व खचलेल्या जागा चिखलमातीने बुजवाव्यात. उघाडीची झडप नीट बसते की नाही ते पाहावे. साचलेले जादा पाणी ओहोटीस सोडावे, परंतु पीक दाणे भरण्याच्या अवस्थेत असेतो खाचरात थोडे गोडे पाणी राहू द्यावे; त्यामुळे खालचे क्षार वर येत नाहीत.

समुद्रातील पाणी

या दिवसांत नद्यांचे हलके गोडे पाणी समुद्राच्या वरच्या थरावर पसरलेले असते. त्याखाली खोलातून किनाऱ्याकडे चढलेले थंड, कमी प्राणवायूचे पाणी असते आणि दोन्ही थर सहजी मिसळत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात दक्षिण कोकण व गोव्यालगत तळाशी प्राणवायू फार घटतो. तळची मासळी तेव्हा जागा सोडते. एखाद्या जागी जाळे रिकामे आले म्हणून मासळी संपली असे मानू नये. हैदराबाद येथील समुद्र माहिती केंद्र मासळीच्या संभाव्य जागा व लाटांचा अंदाज प्रसृत करते. त्याचा लाभ घेतल्यास इंधन व श्रम वाचतात.

वादळ दूर असले तरी

पावसाळ्यानंतर अरबी समुद्र पुन्हा तापतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचा दुसरा हंगाम सुरू होतो. ऑक्टोबर २०१९ मधील ‘क्यार’ चक्रीवादळ कोकणात उतरले नाही. ते पश्चिमेकडे निघून गेले. तरीही त्याच्या पावसाने रत्नागिरी व सिंधुदुर्गात कापलेले व उभे भात भिजले आणि लोंबीतच दाण्यांना मोड आले. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ उत्तर कोकणात धडकले, तेव्हा समुद्रात असलेल्या अनेक मच्छीमारांवर काळाने घाला घातला. वादळ आपल्या गावी येणार नाही, एवढ्यावर निश्चिंत राहणे बरे नव्हे, हाच यातील बोध.

काय करावे

हळवे भात लोंबीतील बहुतेक दाणे पक्के होताच कापावे. फार वाळू देऊ नये. कापणीपूर्वी पुढील चार-पाच दिवसांचा अंदाज पाहावा आणि एका दिवसात वाळवून उचलता येईल तेवढेच कापावे. पावसाचा इशारा असल्यास भारे खाचरात न ठेवता उंच जागी उडवी रचून झाकावेत. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असता होडी बाहेर काढू नये; बाहेर असल्यास जवळच्या खाडीत आसरा घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हवामानाचा इशारा मिळताच तो चावडीवर, मंदिरात व बंदरावर वाचून दाखवावा आणि फलकावर त्याची तारीख ठळक लिहावी. कालचा इशारा आजचा समजला गेल्यास हित होण्याऐवजी हानी होते. ज्या घरातील एक भाऊ शेतात व दुसरा समुद्रावर असतो, तेथे तर हा निरोप दोघांपर्यंत पोहोचला पाहिजे. पिकलेले धान्य घरात येणे आणि गेलेली होडी बंदरात परतणे, या दोहोंवरच किनाऱ्यावरील गावाची दिवाळी अवलंबून असते.