सिगारची ‘फक्त चव’ घेताना तोंडात काय होते?

‘मी सिगारेट ओढत नाही, डॉक्टर. कधीतरी एखादी सिगार होते, पण धूर छातीत घेत नाही. फक्त चव घेतो.’ तपासणीच्या वेळी धूम्रपानाबद्दल विचारले की सिगारचे शौकीन साधारण असेच सांगतात. काही जण तर सरळ ‘नाही’ म्हणून मोकळे होतात, कारण सिगार हे त्यांच्या लेखी व्यसन नसून चवीचा शौक असतो.

हाताने वळलेली महागडी सिगार आणि सिगारेट यांत फरक आहे, हे खरे. पाने वेगळी, ती मुरवण्याची रीत वेगळी, ओढण्याची पद्धतही वेगळी. पण म्हणून सिगार निर्धोक ठरत नाही. ज्या तोंडाने तिची चव घेतली जाते, त्याच तोंडातून निकोटिन रक्तात जाते. कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्येही त्याच तोंडाच्या नाजूक अस्तरावर बसतात. तुम्ही स्वतः सिगार ओढत असाल किंवा घरात कोणी ओढत असेल, तर हे नीट समजून घ्या.

सिगारमध्ये काय असते?

उत्तम प्रतीच्या सिगारमध्ये कागद नसतो, गाळणीही नसते. आत लांब अख्ख्या पानांचा गाभा, त्याभोवती पकडून ठेवणारे एक पान आणि सगळ्यात वर निवडून घेतलेले गुळगुळीत पान, असे तीन थर असतात. क्यूबा, निकाराग्वा, डॉमिनिकन रिपब्लिक आणि होंडुरास हे देश यासाठी प्रसिद्ध आहेत. तोडलेली पाने आधी टांगून वाळवतात. मग त्यांचे ढीग रचून आंबवतात. ढिगात उष्णता तयार होते, अमोनियाचा उग्र वास निघून जातो आणि पानाचा कडवटपणा कमी होतो. यानंतर पाने महिनोन्महिने, कधी काही वर्षे मुरत ठेवतात. तयार सिगार लाकडाचे अस्तर असलेल्या पेटीत साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवतात.

शौकिनांना जाणवणारे कॉफी, कोको, चामडे, मिरी, लाकूड असे गंध या सगळ्या प्रक्रियेतून येतात. वरून काही घातलेले नसते. मात्र याच आंबवण्यात तंबाखूतील नायट्रोसामाइन नावाची द्रव्येही वाढतात आणि त्यांपैकी काही कर्करोगकारक आहेत. म्हणजे चव आणि धोका एकाच प्रक्रियेतून येतात. पान कितीही महाग असले तरी ते तंबाखूचेच पान असते.

चव जिभेला कळते की नाकाला?

सिगारचा एक झुरका घेऊन धूर तोंडात घोळवतात आणि सोडून देतात. साधारण मिनिटाला एखादाच झुरका, म्हणजे सिगार तापून कडू होत नाही. मुरलेले शौकीन थोडा धूर तोंडातून मागे नेऊन नाकावाटे सोडतात, कारण खरा गंध तिथे कळतो.

यामागचे शास्त्र घरच्या घरी अनुभवता येते. नाक चिमटीत घट्ट धरून दालचिनीची पूड घातलेली साखर खा. फक्त गोड लागेल. नाक सोडले की लगेच दालचिनी ‘चवीला’ येईल. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी उमामी एवढ्याच मूळ चवी कळतात. बाकीचा स्वाद हा घशामागून नाकात पोहोचणारा वास असतो. त्यामुळे ‘चव घेणे’ याचा अर्थ धूर जिभेवर, गालांच्या आतल्या बाजूला, टाळूवर, घशात आणि नाकात फिरवणे असा होतो. धूर फुप्फुसात कमी जातो, हे बरोबर. पण वाटेतले सगळे अवयव त्यात न्हाऊन निघतात.

शिवाय तंबाखूच्या नियमित धुराने गंध आणि चव ओळखण्याची क्षमताच मंदावते. ज्या चवीसाठी हा शौक केला, तीच हळूहळू कमी होत जाते.

धूर आत न घेता निकोटिन शरीरात कसे जाते?

हे समजायला आपल्याकडचेच उदाहरण पुरेसे आहे. तंबाखू मळताना चुना का लावतात? चुना अल्कधर्मी असतो. अल्कधर्मी वातावरणात निकोटिन अशा रूपात येते की ते तोंडाच्या अस्तरातून सहज रक्तात शिरते. म्हणून चुना लावलेल्या तंबाखूची ‘किक’ लवकर बसते.

सिगारच्या धुराचेही तसेच आहे. सिगारेटचा धूर थोडा आम्लधर्मी असतो, त्यामुळे त्यातले निकोटिन मुख्यतः फुप्फुसातूनच शोषले जाते आणि सिगारेट ओढणाऱ्याला धूर खोल ओढावा लागतो. सिगारचा धूर बराचसा अल्कधर्मी असतो. तो तोंडात धरला तरी निकोटिन शोषले जाते. इतकेच काय, न पेटवलेली सिगार ओठांत धरून बसले तरी थोडे निकोटिन शरीरात जाते.

आता प्रमाण पाहा. एका सिगारेटमध्ये १ ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असतो. मोठ्या सिगारमध्ये तो ५ ते २० ग्रॅम असू शकतो, म्हणजे काही सिगारमध्ये एका अख्ख्या पाकिटाइतका. मोठ्या सिगारच्या तंबाखूत साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम निकोटिन असते. ते सगळे शरीरात जात नाही, पण एक सिगार तासभर किंवा अधिक वेळ चालते आणि तेवढा वेळ तोंडाला धुराचा संपर्क राहतो. बाहेरचे पान सिगारेटच्या कागदापेक्षा कमी सच्छिद्र असल्याने ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू जास्त तयार होतात.

कोणते आजार होतात?

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली सिगारवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. नियमित सिगार ओढणाऱ्यांत तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे त्यात मांडले आहे. सिगार धूर आत न घेताही तोंडाचा व घशाचा कर्करोग करू शकते, असा इशारा छापणे तिथल्या मोठ्या सिगार कंपन्यांना २००० साली मान्य करावे लागले. हिरड्यांचे आजार आणि दात पडणे हेही सिगारशी जोडलेले आहे. जे धूर खोल ओढतात, त्यांना हृदयविकार आणि फुप्फुसांच्या जुनाट आजारांचा धोका अधिक असतो.

आपल्या देशातही याचा पुरावा आहे. आंध्र प्रदेशच्या किनारपट्टीवर ‘चुट्टा’ नावाची, हाताने वळलेली सिगारसारखी विडी ओढतात. काही जण, विशेषतः काही स्त्रिया, तिचे जळते टोक तोंडात धरून ओढतात. धुराचा आणि उष्णतेचा मारा थेट टाळूवर होतो आणि या लोकांत टाळूचा कर्करोग एरवीपेक्षा जास्त आढळतो. धूर जिथे लागतो, तिथे इजा होते.

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड हे सिगारचे मोठे शौकीन होते. १९२३ साली त्यांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे उघड झाले. पुढच्या १६ वर्षांत त्यांच्यावर ३० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. टाळूचा व जबड्याचा काढलेला भाग भरून काढण्यासाठी त्यांना कृत्रिम साचा वापरावा लागला, त्यामुळे बोलणे आणि खाणे दोन्ही त्रासाचे झाले. तरीही त्यांची सिगार सुटली नाही. मन ओळखणाऱ्या माणसाचीही निकोटिनने ही गत केली.

‘वर्षातून एखादी चालेल का?’

हा प्रश्न अनेकजण प्रामाणिकपणे विचारतात, तेव्हा उत्तरही प्रामाणिक हवे. धोका किती वेळा, किती वर्षे आणि किती खोल ओढता यावर ठरतो. मित्राच्या लग्नात वर्षातून एकदा ओढलेली सिगार आणि रोज रात्री ओढलेली सिगार यांचा धोका सारखा नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२२ साली खास महागड्या सिगारवर अहवाल दिला, त्याचाही सूर हाच आहे. पण ‘इतक्या सिगार सुरक्षित’ अशी मर्यादा वैद्यकशास्त्र देऊ शकत नाही.

दोन गोष्टींनी धोका वाढतो. पहिली म्हणजे सोबतची व्हिस्की किंवा रम. दारू आणि तंबाखू एकत्र आले की तोंड, घसा व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या वेगवेगळ्या धोक्यांच्या बेरजेपेक्षाही जास्त होतो. दुसरी म्हणजे सिगारेट सोडून सिगार धरणे. ज्यांना सिगारेटची सवय होती, ते सिगारचा धूरही नकळत खोल ओढतात. त्यामुळे ‘सिगारेट सोडायची म्हणून सिगार’ हा उपाय नाही.

यांनी एकही ओढू नये

- हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा पक्षाघात झालेले
- तोंडात पांढरे किंवा लाल चट्टे असलेले, सुपारी-गुटख्यामुळे तोंड कमी उघडणारे
- तोंड, घसा किंवा फुप्फुसाच्या कर्करोगावर उपचार झालेले
- दमा किंवा फुप्फुसांचा जुनाट आजार असलेले
- गर्भवती आणि स्तनदा माता
- शस्त्रक्रिया ठरलेले किंवा नुकतीच झालेले
- १८ वर्षांखालील मुले

पहिल्याच सिगारने चक्कर आली तर?

सवय नसताना, विशेषतः रिकाम्या पोटी, मोठी सिगार ओढली तर मळमळ, घाम, चक्कर, उचकी, धडधड असा त्रास होतो. हा निकोटिनचा जादा डोस असतो. सिगार विझवा, मोकळ्या हवेत बसा किंवा आडवे व्हा आणि घोट घोट पाणी प्या. बहुधा थोड्या वेळात बरे वाटते. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, सतत उलट्या किंवा झटके आले, तर लगेच रुग्णालयात न्या.

सिगारची थोटके ॲशट्रेत तशीच ठेवू नका. त्यांत बरेच निकोटिन शिल्लक असते. लहान मुलाने थोटूक चघळले किंवा गिळले तर त्याला विषबाधा होऊ शकते. तसे झाल्यास घरगुती उपाय करत, उलटी काढत बसू नका. थेट डॉक्टरांकडे जा.

घरच्यांसाठी

सिगार बराच वेळ धुमसते, त्यामुळे खोलीत तिचा धूर खूप साठतो. गॅलरीचे दार उघडे ठेवल्याने किंवा पंखा लावल्याने तो पूर्ण जात नाही. घरात बाळ, दम्याचा रुग्ण, गर्भवती सून किंवा हृदयरोगी असेल, तर ‘घरात सिगार नाही’ हा नियम सगळ्यांसाठी असू द्या.

बाबांशी किंवा नवऱ्याशी बोलताना भांडण टाळा. ‘तुमचा शौक वाईट’ असे म्हटले की संभाषण तिथेच संपते. त्यापेक्षा ‘महिन्याला किती होतात? पूर्वीपेक्षा वाढल्या आहेत का? एकदा तोंड तपासून घेऊया का?’ असे विचारा. परदेशातून येणाऱ्यांना भेट म्हणून सिगारची पेटी आणायला सांगू नका.

महिन्यातून एकदा आरशासमोर

चांगल्या उजेडात ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहा. पुढीलपैकी काही आढळले तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा:

- दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम
- पांढरा किंवा लाल चट्टा, कडक गाठ
- तोंड पूर्वीइतके न उघडणे
- तीन आठवड्यांहून जास्त काळ बसलेला आवाज
- गिळताना त्रास किंवा घशात टोचल्यासारखे वाटणे
- मानेत गाठ, विनाकारण हलणारा दात

दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही आणि लवकर सापडला तर उपचार सोपे व अधिक यशस्वी होतात.

सोडायची असेल तर

ठरवून दोन आठवडे थांबून पाहा. चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे, राहून राहून आठवण येणे असे झाले, तर तो निव्वळ शौक राहिलेला नाही, सवय जडली आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्या, काही औषधे आणि समुपदेशन यांचा उपयोग होतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत मदतवाहिनी आहे. सोडल्यानंतर कर्करोगाचा धोका वर्षागणिक कमी होत जातो.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी ‘धूम्रपान करता का?’ असे विचारले, तर सिगार धरून उत्तर द्या: किती, किती वर्षे, सोबत दारू असते का, धूर आत घेता का. भूल देण्याआधी, हृदयाची औषधे ठरवताना आणि तोंडातल्या चट्ट्याचा अर्थ लावताना या माहितीचा थेट उपयोग होतो.