दाखला ऑनलाइन मिळाला, हिशेबाचे काय?

कल्याणची सुरुवात

महापालिकेचा कारभार संगणकावर आणण्याचा धडा राज्यात सर्वांत आधी गिरवणाऱ्यांत कल्याण-डोंबिवली होती. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच तिथे नागरी सुविधा केंद्र सुरू झाले. जन्माचा दाखला, मालमत्ता कर, पाणीपट्टी, तक्रार, सगळे एकाच ठिकाणी. पुढे राज्य सरकारने हाच नमुना इतर पालिकांसाठी स्वीकारला. सकाळची लोकल गाठून मुंबईला जाणाऱ्या डोंबिवलीकराची एका दाखल्यापायी जाणारी रजा वाचली, ही लहान गोष्ट नव्हे.

अर्जाचा क्रमांक जपा

संगणकामागे बळ उभे केले ते कायद्याने. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 28 एप्रिल 2015 पासून लागू आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते. अर्ज केला की क्रमांक मिळतो आणि अर्ज कुठे पोचला ते ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर पाहता येते. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत संबंधित यंत्रणेतल्याच वरिष्ठाकडे पहिले अपील करता येते. दुसरेही त्याच यंत्रणेतल्या वरिष्ठाकडे, तिसरे मात्र थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. तोंडी विनंतीला यातले काहीच लागू होत नाही.

ठाण्याचे अ‍ॅप

तेल अवीवच्या ‘डिजिटेल’च्या धर्तीवर ठाणे महापालिकेने 2018 साली ‘डीजी ठाणे’ आणले. शहराची माहिती, देयके आणि दुकानांतल्या सवलती एकत्र आल्या. सोय झाली, निर्णयात वाटा मिळाला नाही.

खर्च कुणी ठरवायचा?

आपली गाडी अडली आहे ती इथे. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सांगते की अंदाजपत्रक, खर्च, निर्णयाची पद्धत ही माहिती कुणी न मागताच प्रसिद्ध करायची. महापालिका कायद्यांतील 2009 च्या दुरुस्तीने शहरांत क्षेत्रसभांची तरतूदही झाली. आपल्या भागात आधी कोणते काम व्हावे, हे मतदारांनी तिथे सुचवायचे. या सभा शहरांत रुजल्याच नाहीत. कल्याण-डोंबिवलीत तर नोव्हेंबर 2020 मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपल्यावर कारभार कित्येक वर्षे प्रशासकाकडे होता. लोकांचा प्रतिनिधीच नसताना माहिती उघडी असण्याची गरज दुप्पट होती.

आपल्या प्रभागातल्या रस्त्याचा ठेकेदार, रक्कम आणि मुदत पालिकेच्या संकेतस्थळावर शोधा. सापडली नाही, तर दहा रुपये शुल्क भरून ऑनलाइन माहिती अर्ज करा आणि क्षेत्रसभा कधी घेणार, हेही नगरसेवकाला लेखी विचारा.