चार किडन्या घेऊन धावताना

माझ्या पोटात चार किडन्या आहेत. दोन जन्मापासूनच्या, त्या केव्हाच आकसून गेल्या. एक आईची, उजव्या बाजूला. तिने बरीच वर्षं साथ दिली आणि मग तीही थकली. चौथी डाव्या बाजूला, आज काम करते ती. प्रत्यारोपण करताना जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. नवी किडनीही मूळच्या जागी, कमरेच्या वर मागच्या बाजूला बसवत नाहीत. ती पुढे, ओटीपोटात, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. तिथे शिवणं सोपं आणि पुढे तपासणंही सोपं. पण मग तिला बरगड्यांचा आडोसा राहत नाही. बोटं जरा दाबली की कातडीखाली ती हाताला लागते.

मी मूळची खो-खोची. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम पहिल्यांदा बांधले, त्या गावची मुलगी. सूर मारून गडी बाद करण्यासारखं दुसरं सुख मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता सूर मारायचा नाही, पोटावर पडायचं नाही, कुणाचा गुडघा लागेल असा कुठलाही खेळ खेळायचा नाही. म्हणून धावते. आठवड्यात सणस मैदान, सुटीच्या दिवशी वेताळ टेकडी.

त्यावर घरीदारी सगळ्यांचं एकच म्हणणं असतं: "एवढं दोनदा ऑपरेशन झालंय, आता जपून राहा. कशाला दगदग?" यात माया असते, हे मला कळतं. तरीही हा सल्ला चुकीचाच आहे आणि तो ऐकून घरात बसलेली कितीतरी माणसं मी ओपीडीच्या रांगेत पाहते. डायलिसिसच्या काळात मांड्यांचे स्नायू झडतात, चार पायऱ्या चढणं नको होतं. प्रत्यारोपणानंतर स्टेरॉइडमुळे साखर वाढू शकते, हाडं ठिसूळ होतात, वजन चढतं, रक्तदाब मागे लागतो. नवी किडनी उत्तम चालत असताना हृदयविकाराने दगावणाऱ्यांची संख्या काही लहान नाही. या सगळ्यावर डॉक्टर गोळ्यांच्या बरोबरीने व्यायामच लिहून देतात. मी धावते ती जपण्यासाठीच.

अर्थात पथ्यं आहेत, आणि ती मोडून चालत नाही. टॅक्रोलिमसची गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला. शर्यत असो वा लग्न. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून ही गोळी प्रतिकारशक्ती दाबून ठेवते. रक्तातलं तिचं प्रमाण तपासायचं असेल त्या दिवशी सुई टोचून होईपर्यंत गोळी खिशातच ठेवायची. पपनस खायचं नाही. गणपतीत घरोघरी येणारं हे साधं फळ, पण त्याने औषधाचं रक्तातलं प्रमाण एकदम वाढू शकतं. गुडघा दुखला म्हणून बाकीचे धावपटू सर्रास घेतात त्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आम्हाला वर्ज्य, कारण त्या थेट किडनीला बाधतात. शर्यतीत ठेवलेलं उघडं पाणी, कापलेली फळं घ्यायची नाहीत. आपली बाटली आपल्याजवळ. तरीही घोट चुकवायचा नाही, शरीरातलं पाणी कमी पडलं की किडनी लगेच तक्रार करते. जोरात धावल्याच्या दुसऱ्या दिवशी, किडनी कशी चालते ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला जायचं नाही. स्नायूंवर ताण आल्याने आकडा वर दिसतो आणि घरभर उगाच घबराट.

डाव्या हाताच्या मनगटावर माझा फिस्टुला अजून आहे. डायलिसिसला रक्ताचा जोरदार प्रवाह मिळावा म्हणून धमनी आणि शीर तिथे एकमेकींना जोडलेल्या असतात. बोट ठेवलं तर मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. त्या हाताला घड्याळ नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही, सुई नाही. माझं घड्याळ उजव्या हातात.

आईची किडनी थकली तेव्हा पुन्हा डायलिसिस आलं आणि विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव गेलं. पुण्यात सगळे त्याला झेडटीसीसी म्हणतात. दुसऱ्यांदा जुळणं अवघड असतं. आधीच्या किडनीमुळे रक्तात प्रतिपिंडं तयार झालेली असतात आणि बऱ्याच दात्यांची किडनी त्यामुळे बाद होते. अतिदक्षता विभागात एखाद्या रुग्णाचा मेंदू मृत झाला आहे का, हे चार डॉक्टरांचं मंडळ निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतं. मग नातेवाईक होकार देतात, आणि यादीतल्या एकापेक्षा जास्त जणांना फोन जातात. "काही खाऊ-पिऊ नका, निघा." पोहोचलं म्हणजे मिळालीच असंही नाही, दात्याशी रक्ताची क्रॉसमॅच जुळत नाही तोवर सगळेच बाकावर बसून.

भारतात पहिलं मूत्रपिंड प्रत्यारोपण मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली झालं, तो रुग्ण जगला नाही. १९७१ साली वेल्लोरला यश आलं. त्यानंतर सातच वर्षांनी, १९७८ मध्ये, मॉरिस स्लापाक या शल्यविशारदाने इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला प्रत्यारोपण झालेल्यांच्या क्रीडास्पर्धा भरवल्या. पहिल्या खेपेला जेमतेम पाच देश होते. आता त्या दर दोन वर्षांनी होतात. पोहणं, सायकल, बॅडमिंटन, धावणं, सगळं वयोगटांप्रमाणे. अवयव देणारेही त्यात उतरतात. आईला यकृताचा भाग देणारी भोपाळची अंकिता श्रीवास्तव २०१९ साली न्यूकॅसलला लांब उडीचं सुवर्णपदक घेऊन आली. ही बातमी मी आईला मोठ्याने वाचून दाखवली होती, कारण "किडनी दिली, आता आयुष्यभर अशक्त राहणार" असं तिला कितीजणांनी ऐकवलं त्याला गणती नाही. ती आजही तळजाई टेकडीवर माझ्याआधी पोहोचते आणि माझी वेळ विचारते.

चौथी किडनी ज्या घरातून आली, त्या घराला मात्र माझी वेळ कळवता येत नाही. दात्याचं नाव घेणाऱ्याला सांगत नाहीत, घेणाऱ्याचं दात्याच्या घरच्यांना. तो नियम योग्यच आहे. म्हणून इथेच लिहिते, वाचलं गेलं तर बरं. तुम्ही त्या रात्री होकार दिलात ती किडनी माझ्या डाव्या बाजूला आहे. गेल्या तपासणीत क्रिएटिनिन १.२ आलं. १९८३ पासून डिसेंबरात होणाऱ्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनमधल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत मी यंदाही नाव दिलं आहे.