टर्बोचार्जरपासून घरगुती जेट इंजिन : ज्वाला पेटते, पण चक्र टिकते का?

ट्रकच्या डिझेल इंजिनाला जोडलेला टर्बोचार्जर आणि विमानाच्या पंखाखालील जेट इंजिन ही एकाच घराण्यातील यंत्रे आहेत. त्यामुळेच जुन्या टर्बोचार्जरपासून लहान गॅस टर्बाइन इंजिन तयार करण्याचा प्रयोग जगभरातील हौशी तंत्रज्ञ आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी अनेक वर्षांपासून करीत आले आहेत. या प्रयोगाची खरी कसोटी एकाच प्रश्नात आहे: बाहेरची मदत काढून घेतल्यावर इंजिन स्वतःच्या बळावर फिरत राहते का?

स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तिच्यातून टर्बोचार्जर विकसित झाला. त्यात एकाच शाफ्टच्या दोन टोकांना दोन चाके असतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर टर्बाइनचे चाक फिरते आणि त्याच्या जोरावर कॉम्प्रेसरचे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. घरगुती गॅस टर्बाइनमध्ये डिझेल इंजिनाची जागा ज्वलनकक्ष घेतो. कॉम्प्रेसरची हवा त्यात शिरते, इंधनाच्या ज्वलनाने तापते आणि टर्बाइनवर आदळून बाहेर पडते.

ही रचना कागदावर सोपी दिसते. परंतु टर्बाइनने निर्माण केलेल्या शक्तीचा मोठा वाटा कॉम्प्रेसरच खर्च करतो. चाकांची कार्यक्षमता थोडी जरी कमी पडली, तरी हाती काहीच उरत नाही. सुरुवातीच्या संशोधकांचे प्रयत्न याच अडथळ्यापाशी थांबले. नॉर्वेचे एगिडियस एलिंग यांना १९०३ मध्ये स्वतःचा खर्च भागवून अतिरिक्त शक्ती देणारे गॅस टर्बाइन चालवता आले, तेव्हा ती शिल्लक अवघी ११ अश्वशक्ती होती. आजच्या हौशी तंत्रज्ञाला परस्परांशी जुळणारी, अचूक संतुलित चाके तयार मिळतात. अभियांत्रिकीचा सर्वांत कठीण भाग टर्बोचार्जरच्या कारखान्यातच पूर्ण झालेला असतो.

स्वतः घडवावा लागतो तो ज्वलनकक्ष. पोलादी नळकांड्याच्या आत छिद्रे पाडलेली दुसरी नळी बसवली जाते. छिद्रांचा आकार आणि जागा यांवर सारे यश अवलंबून असते. पुढच्या छिद्रांतून आलेल्या थोड्या हवेत ज्वाला स्थिर राहते. उरलेली बरीचशी हवा मागच्या छिद्रांतून शिरते आणि जळलेल्या वायूंना थंड करते. ज्वालेचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते, तर टर्बोचार्जरचे चाक दीर्घकाळ सोसू शकते ते याच्या निम्म्याहूनही कमी. ज्वाला टर्बाइनपर्यंत पोहोचली, तर चाकाची पाती विरूप होतात.

दुसरी अट वंगणाची. टर्बोचार्जरचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणून स्वतंत्र पंपाने तेलाचा दाब आधी निर्माण करावा लागतो आणि मगच चाके फिरवावी लागतात. तेल खंडित झाल्यास बेअरिंग काही क्षणांत निकामी होते.

चाचणीच्या वेळी ब्लोअरने कॉम्प्रेसरच्या तोंडाशी हवा सोडून चाकांना गती दिली जाते, ठिणगी सुरू केली जाते आणि नंतर इंधन हळूहळू सोडले जाते. ज्वाला पेटल्यावर वेग वाढतो, वेगाबरोबर हवेचा दाब वाढतो. पुरेसा वेग येण्याआधी ब्लोअर काढला, तर हवा कमी पडते, तापमान झपाट्याने चढते आणि धुराड्यातून ज्वाळा बाहेर येतात. म्हणून कानाला सुखावणाऱ्या आवाजापेक्षा हवेचा दाब, तेलाचा दाब आणि धुराड्याचे तापमान दाखवणाऱ्या मापकांवर विश्वास ठेवावा लागतो.

पहिल्या चाचण्यांसाठी वायुरूप इंधन निवडण्याचे कारण इतिहासात सापडते. ब्रिटनचे फ्रँक व्हिटल यांनी १२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी येथे आपले जेट इंजिन प्रथम चालवले, तेव्हा इंधनाची झडप बंद केल्यानंतरही त्याचा वेग वाढतच गेला आणि उपस्थितांनी पळ काढला. गळलेले द्रवरूप इंधन ज्वलनकक्षात साचले होते आणि तेच जळत राहिले. वायुरूप इंधन असे साचून राहत नाही. मात्र एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत पसरते. शिवाय, घरगुती सिलिंडरमधील गॅस अशा कामासाठी वापरण्यास भारतात कायद्याने मनाई आहे.

सर्वांत मोठा धोका वेगाचा. साडेसात सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला एक लाख फेरे घेते, तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३९० मीटर, म्हणजे ध्वनीपेक्षा अधिक असतो. वेग दुप्पट झाला की चाकात साठलेली ऊर्जा चौपट होते. चाक फुटल्यास त्याचे तुकडे आवरण भेदू शकतात. म्हणून चाचणी मोकळ्या जागी, भक्कम आडोशामागून घ्यावी. चाकांच्या प्रतलात कोणीही उभे राहू नये आणि इंधन तोडण्याची झडप दूरवरून हाताळता यावी. इंजिन बंद केल्यावरही तेल आणि थंड हवा काही वेळ चालू ठेवावी लागते. अन्यथा टर्बाइनची उष्णता शाफ्टमधून बेअरिंगकडे सरकते आणि तेथील तेल जळून कोळसा होते.

एवढे करून मिळणारा रेटा अल्प असतो आणि इंधनाचा खप मोठा. बिडाच्या जड आवरणामुळे असे यंत्र उड्डाणास निरुपयोगी ठरते. त्याचे मोल शिकवण्यात आहे. 'तेजस' विमानासाठी बंगळूरु येथील गॅस टर्बाइन संशोधन संस्थेच्या 'कावेरी' इंजिन प्रकल्पाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली. 'तेजस' मात्र अमेरिकी एफ-४०४ इंजिनावर उडते. तापमान, दाब आणि वेग यांचा मेळ लढाऊ विमानाच्या पातळीवर घालणे एवढे अवघड का ठरते, हे ब्लोअर बाजूला केल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत विद्यार्थ्याला प्रत्यक्ष दिसते.